आधी पत्ता

सुनेच्या मृत्यूची बातमी आली की पहिले दोन दिवस सासरच्यांचा उद्धार होतो. तिसऱ्या दिवशी सूर बदलतो. ‘एवढा छळ होत होता तर निघून का नाही आली? शिकलेली होती ना?’ २०२५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या एका वजनदार घरातली सून गेली तेव्हाही हेच झालं. लग्नात दिलेल्या गाडीच्या आणि सोन्याच्या याद्या चवीने वाचून झाल्या, वाहिन्यांवर चर्चा झडल्या आणि फिरून गाडी त्याच प्रश्नावर आली.

बहुतेक वेळा ती आलेली असते. दिवाळीला येते आणि भाऊबीज उलटली तरी तिचा पाय निघत नाही. बाळंतपणाला येते आणि तिसऱ्याचा चौथा, चौथ्याचा पाचवा महिना करत राहते. ‘जरा बरं वाटत नव्हतं’ म्हणून येते. घरातल्या बायकांच्या ध्यानात आलेलं असतं. ऐन मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस कोण घालतं? पण विचारलं तर उत्तर मिळेल आणि उत्तर मिळालं की काहीतरी करावं लागेल, म्हणून कुणी विचारत नाही. मग एखाद्या रविवारी वडील किंवा भाऊ तिला गाडीत घालून पुन्हा सोडून येतात. येताना ते गप्प असतात, एवढं मात्र त्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

१९८२ साली मंजुश्री सारडा हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. बीडची मुलगी. फेब्रुवारीत लग्न होऊन पुण्याला आली आणि जूनमध्ये गेली. त्या चार महिन्यांत ती माहेरी येऊन गेली होती, बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहीत होती. ती पत्रं पुढे न्यायालयात वाचली गेली. खटल्याचा शेवट १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयात पतीच्या निर्दोष सुटकेने झाला; खून शाबित होत नाही, असं न्यायालय म्हणालं, आणि परिस्थितीजन्य पुराव्याबद्दलचं ते निकालपत्र आजही फौजदारी वकील पावलोपावली काढतात. गुन्ह्याचा प्रश्न तिथे मिटला. पत्रांमधल्या दुःखाचा मिटला नाही. पुण्यातल्या बायका तेव्हा रस्त्यावर आल्या, विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला, ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव फिरलं. त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. पत्रांच्या जागी व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो आले, आईला पाठवायचे आणि लगेच डिलीट करायचे. आईचं उत्तर तेच राहिलं : ‘थोडं सांभाळून घे.’

परत पाठवण्याचा आपल्याकडे रीतसर विधी आहे, त्याला बैठक म्हणतात. दोन्हीकडची चार-चार माणसं, मुलीचा मामा, लग्न जमवणारा मध्यस्थ, गावचा एखादा माजी सरपंच. सतरंजी, चहा, ‘झालं गेलं गंगेला मिळालं’. मुलगी आत स्वयंपाकघरात. सगळं ठरल्यावर तिला बाहेर बोलावतात. मग मुद्रांकावर लिहून घेतात : ‘यापुढे पत्नीस मारहाण करणार नाही, दारू पिऊन त्रास देणार नाही, नीट नांदवीन.’ खाली सह्या, साक्षीदार, नोटरीचा शिक्का. पूर्वी हे शंभराच्या कागदावर व्हायचं. २०२४मध्ये राज्याने शंभराचा मुद्रांक बंद करून पाचशेचा केला, तेवढीच काय ती प्रगती. हा कागद अगदीच निरुपयोगी असतो असं नाही. आधी मारहाण झाली होती याची ती नवऱ्याच्या सहीची कबुली असते, आणि जाणता वकील तो जपून ठेवायला सांगतो. पण बैठकीतल्या कुणालाच तो त्या कामासाठी नको असतो. दिवेलागणीच्या आत मुलगी सासरी पोचली पाहिजे, एवढीच सगळ्यांची घाई असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याने शारीरिक किंवा लैंगिक हिंसा केल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती १४ टक्क्यांनी. ७७ टक्के बायकांनी मदतही मागितली नाही आणि कुणापाशी बोलल्याही नाहीत. त्याच पाहणीत ४५ टक्के स्त्रियांना काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं रास्त वाटतं; पुरुषांमध्ये हेच प्रमाण ४४ टक्के. या एका बाबतीत स्त्री-पुरुष समानता आली म्हणायची.

या आकड्यांवरून ‘बायकांचं प्रबोधन करायला हवं’ असा निष्कर्ष काढण्याची आपल्याला फार घाई. ८ मार्चला शिबिरं भरतात, ‘अन्याय सहन करू नका’ असे फलक लागतात, नाश्त्याची पाकिटं वाटली जातात. मार खाणाऱ्या बाईला अन्याय कळत नाही असं धरून चालणं हा तिचा अपमान आहे. तिला तो शिबिरातल्या वक्त्यांपेक्षा चांगला कळतो. आणि कळल्यावर ती हिशेब मांडते : आज रात्री कुठे? उद्या मुलांच्या शाळेचं काय? परवा खायचं काय? सत्तर-ऐंशी टक्के वेळा हिशेब जुळत नाही म्हणून, असं मी आकडा ठोकून देणार नाही. पण ज्या बायकांशी बोलणं झालं त्यांच्यातली एकही ‘मला हिंमत झाली नाही’ असं म्हणाली नाही. ‘जायचं कुठं?’ असंच सगळ्या म्हणाल्या. अत्याचारी लग्नातून बाहेर पडणाऱ्या बाईला पहिल्यांदा लागतो तो पत्ता. जिथे कुणी ‘किती दिवस राहणार?’ असं विचारणार नाही असा. तो देण्याची जबाबदारी माहेराची आणि सरकारची आहे. दोघंही तो देत नाहीत आणि वर तिच्या धैर्याची परीक्षा घेत बसतात, असं माझं म्हणणं आहे.

आपला सगळा कारभारच पत्त्यावर चालतो. घरातून निघालेल्या बाईच्या हातात बहुधा एक कॅरीबॅग असते. लॅमिनेट केलेलं आधारकार्ड, मुलाचं लसीकरणाचं कार्ड, बँकेचं पासबुक, मोबाइलचा चार्जर. (चार्जर राहिला असेल तर पहिला दिवस तो शोधण्यातच जातो.) आधारवरचा पत्ता सासरचा. रेशनकार्डात नाव सासरच्या. तिथून कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय दुसरीकडे चढत नाही आणि त्या दाखल्यासाठी जायचं पुन्हा त्याच गावात. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला तर वडिलांची सही आणा म्हणतात. वास्तविक २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम स्वच्छ सांगतं, की आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकाने ताबडतोब द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेने प्रवेश अडवायचा नाही. हे कलम तिला एसटी स्टँडवर कोण सांगणार? संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्तेला जागा आहे, ‘लाडकी बहीण’च्या दीड हजारातही आहे. दोन्हीकडे कागद लागतात. नवऱ्याने टाकल्याचं लिहून द्यायला गावातलाच कुणी प्रतिष्ठित लागतो, आणि तो परवा सतरंजीवर बसून तिला नांदायला पाठवत असतो. शिवाय दीड हजारात शहरातल्या खोलीचं डिपॉझिट सोडाच, भाडंसुद्धा सुटत नाही. पैसे असले तरी खोली मिळेलच असं नाही. घरमालकीणबाई आधी विचारतात, ‘मिस्टर कुठे असतात?’

बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड कामगारांत तर बाईचं एकटं अस्तित्व हिशेबातच धरलेलं नाही. मुकादम मजूर मोजतो तो कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. हंगामाआधीची उचल त्या जोडीवर दिली जाते, व्यवहार नवऱ्याशी होतो, पैसा त्याच्या हातात पडतो, आणि फेडायला दोघं फडात. नवरा फडावर मारतो म्हणून एखादी मध्येच निघून गेली तर मागे उरतो अर्धा कोयता आणि पूर्ण उचल. मग वसुलीला मुकादमाची माणसं कुणाच्या दारात जाणार, हे वेगळं सांगायला नको. तिच्या आईवडिलांचाही त्याच मुकादमाशी व्यवहार असला, की ते तिला ‘एवढा हंगाम काढ’ म्हणतात. त्यांना दगडाच्या काळजाचे ठरवून आपण मोकळे होऊ शकत नाही. पुढच्या हंगामाची उचल दिली जाते तेव्हा ती बाईच्या खात्यात तिच्या वाट्यापुरती वेगळी का दिली जात नाही, हा प्रश्न कारखान्यांना विचारता येतो. तो विचारला जात नाही.

कायदा आहे, आणि तो कागदावर बराच चांगला आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ला. त्याचं सतरावं कलम सांगतं, की सामाईक घरात तिची मालकी असो-नसो, तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. एकोणिसाव्या कलमाखाली न्यायालय नवऱ्याला घराबाहेर काढू शकतं किंवा तिच्यासाठी तशाच दर्जाची दुसरी जागा बघायला, तिचं भाडं भरायला सांगू शकतं. पत्त्याचा प्रश्न या कायद्याने बरोबर ओळखला होता. पण कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते तोच डिसेंबर २००६मध्ये बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आक्रसून टाकला : घर सासूच्या नावावर असेल तर ते सामाईक घर नव्हे. पुढची जवळपास चौदा वर्षं वकिलांच्या कचेऱ्यांमध्ये एकच सल्ला फुकट मिळत होता, घर आईच्या नावावर करून टाका. १५ ऑक्टोबर २०२०ला आहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तो अर्थ चुकीचा ठरवला. तोवर या अर्थापायी किती जणींना घराबाहेर काढलं गेलं असेल, याचा हिशेब कुणी मांडायचा?

त्याच कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलं आहे. तालुक्याच्या कोर्टात ज्यांनी बाकावर दिवस काढले आहेत ते हे वाचून हसतील. २०१३ साली नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात गेलेलं पोटगीचं एक प्रकरण २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, तेव्हा कुठे न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले : दोघांनी मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. नियम उत्तम. पोटगी थकवली तर नवऱ्याला तुरुंगातही पाठवता येतं. पण आत जाऊन आलेला नवरा बाहेर येऊन पैसे देतोच असं नाही, आणि मधल्या काळात घरमालक थांबत नाही.

त्यात नवऱ्याकडून एक नोटीस हमखास येते. हिंदू विवाह कायद्याचं नववं कलम, वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना. साध्या बोलीत, नांदायला ये. पोटगीचा अर्ज पडला की उलट टपाली ही नोटीस. १९८३मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा जिवंत केलं. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निदान एवढं स्पष्ट केलं, की असा हुकूम झाल्यावरही बायको सबळ कारणाने गेली नाही तर तिची पोटगी आपोआप बंद होत नाही.

या नोटिशीचा महाराष्ट्राइतका जुना अनुभव कुणाला असेल? दादाजी भिकाजीने रखमाबाईवर १८८४ साली हाच दावा लावला होता. अकराव्या वर्षी लावलेलं लग्न तिला मान्य नव्हतं. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, मग अपील, आणि १८८७मध्ये आदेश : नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंग. तिने तुरुंग चालेल म्हणून सांगितलं. १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली आणि परत येऊन तिने अनेक वर्षं सुरतेत दवाखाना चालवला. रखमाबाईच्या बाणेदारपणाचं कौतुक आपण शाळेपासून ऐकतो आणि ते योग्यच आहे. त्या कौतुकात एक गोष्ट मागे पडते. तिची आई जयंतीबाई विधवा, डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न करताना तिने पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावावर करून दिली होती. आणि दावा चालू असताना रखमाबाई राहत होती ती याच सावत्र वडिलांच्या घरी, जिथून तिला कुणी हाकलत नव्हतं. नकार तिचा स्वतःचा होता. तो चार वर्षं टिकला याचं श्रेय त्या घरालाही द्यावं लागेल.

म्हणून माझा पहिला रोख सरकारवर नाही, माहेरावर आहे. महाराष्ट्राने १९९४मध्येच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला. केंद्राला त्यासाठी २००५ उजाडावं लागलं. आपण त्याचं काय केलं? हक्कसोडपत्राचा धंदा भरभराटीला आणला. वडील गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आसपास बहिणींना बोलावून घेतात, जेवण होतं, साडी होते, आणि दुपारी तालुक्याला नेऊन सह्या घेतात. ‘भावाचं कशाला वाईट करून घेतेस, माहेर तुटेल.’ ती सही करते, आपल्या मनाने माहेर राखते. पाच वर्षांनी मुलाचा हात धरून कॅरीबॅगेसकट त्याच दारात उभी राहते तेव्हा त्या घराच्या एका विटेवरही तिचं नाव नसतं. वहिनी मग ‘किती दिवस आहात?’ विचारते. वहिनीला खलनायिका करू नये. तिचंही नाव त्या घरावर नसतं आणि स्वतःच्या माहेरचं तिनेही सोडून दिलेलं असतं.

गंमत बघा, वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क भावासाठी सोडायचा तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. आणि राहतं घर किंवा शेतजमीन मुलीला बक्षीसपत्राने द्यायची तरीही मुद्रांक शुल्क दोनशेच रुपये, फार तर वर स्थानिक अधिभार. शासनाने दोन्ही दारं सारख्याच किमतीत उघडी ठेवली आहेत. गर्दी मात्र एकाच दारात.

शेजारच्या गोव्यात लग्नाबरोबरच पत्त्याचा अर्धा प्रश्न सुटतो. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. गोव्यात बायकांना मार बसत नाही असं कुणी म्हणणार नाही. पण तिथली बाई वेगळी होते तेव्हा बोलणी अर्ध्या वाट्यापासून सुरू होतात, आपल्याकडची भांडी-कुंडी परत मागण्यापासून सुरू करते. देशपातळीवर असा विचार झाला होता. लग्न मोडताना बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारं विधेयक २०१३च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेने मंजूर केलं. लोकसभेची मुदत संपली आणि ते विझलं. पुढच्या कुठल्याही सरकारला त्याची आठवण झाल्याचं दिसत नाही.

एवढं बोललं की समोरून एक मुद्दा येणारच : बायका कायद्याचा गैरवापर करतात त्याचं काय? म्हणजे नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेल्या छळाविरुद्धचं फौजदारी कलम ४९८अ, आता भारतीय न्याय संहितेचं ८५वं कलम. डिसेंबर २०२४मध्ये बंगळुरूच्या एका अभियंत्याने पत्नीवर आणि न्यायव्यवस्थेवर आरोप करत आत्महत्या केली, त्यानंतर तर या मुद्द्याला धारच आली. खोट्या तक्रारी होतात. नव्वद वर्षांच्या आजेसासूचं आणि परदेशातल्या नणंदेचं नाव तक्रारीत घातलेलं मीही वाचलं आहे, आणि २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट अटकेला आवर घातला तो मला बरोबर वाटतो. पण असं का होतं ते नीट बघा. बाईला हवं असतं दागिने, मुलाचा ताबा, दरमहा काही रक्कम, राहायला जागा. हे सगळं देणारा दिवाणी स्वरूपाचा कायदा तारखांमध्ये अडकतो. मग वकील म्हणतो, ‘ताई, फौजदारी टाकू, आठवड्यात बोलणीला येतात बघा.’ फौजदारी कलमाचा असा पान्हा करून नट सैल करायची वेळ येते, कारण जी किल्ली बनवली होती ती गंजलेली आहे. साठ दिवसांचा निकाल खरोखर साठ दिवसांत लागू लागला, तर नवऱ्याच्या म्हाताऱ्या आईवडिलांचीही चौकीवरची फेरी वाचेल. पुरुषांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मंडळींनी ही मागणी सर्वांत आधी करायला हवी होती.

आता त्या एका रात्रीबद्दल. १९९१मध्ये पुण्यात एका गरोदर बाईने लुसी कुरियन या ख्रिस्ती भगिनीकडे आसरा मागितला. नवरा मारून टाकील म्हणाली. रात्री ठेवून घ्यायची सोय नव्हती, म्हणून तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिलं. त्यानंतर सहा वर्षांनी, १९९७मध्ये, सिस्टर लुसींनी वढू बुद्रुकला ‘माहेर’ ही संस्था सुरू केली. या घटनेत कुणाचं मन वाईट नव्हतं, नियमही कुणी मोडला नव्हता. फक्त त्या रात्रीपुरती खोली नव्हती. २०१५पासून जिल्ह्याजिल्ह्यांत सखी वन स्टॉप सेंटर निघाली, १८१ ही हेल्पलाइन आहे. हे पाऊल मोठं आहे आणि तिथे राबणाऱ्या मुलींना मी नावं ठेवणार नाही. पण सखी केंद्रातला मुक्काम साधारण पाच दिवसांचा. सहाव्या दिवशी काय, याला त्या मुलींकडेही उत्तर नसतं. पुढे सरकारी निवारागृह आहे. तिथे मुलगा मोठा असेल तर आईसोबत राहू देत नाहीत, संध्याकाळनंतर बाहेर पडता येत नाही, आणि ज्या बाईला कामाच्या दुसऱ्या पाळीला जायचं असतं तिची नोकरी तिथेच संपते. बारा वर्षांचा मुलगा सोडून कोण आई तिथे राहील?

काय चालतं हेही आपल्याला ठाऊक आहे. १९८४मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे तो राज्यभर पसरला. पोलिसांच्या इमारतीत बसणारी पण पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती, एवढीच कल्पना. ती बाईबरोबर तिचं सामान आणायला सासरी जाते. सोबत एक हवालदार, हातात यादी. दारात सासू, गल्लीतून माणसं बघतायत. कपाट उघडलं की बाई आधी साड्या काढत नाही. मुलांची वह्या-पुस्तकं, स्वतःचं दहावीचं प्रमाणपत्र, मतदार ओळखपत्र आणि बाळाच्या पायातले वाळे काढते. मिक्सरवरून वाद होतो, कारण तो तिच्या मावशीने दिलेला असतो. अर्ध्या तासाचं काम, पण ती बाई त्या घरातून मान वर करून बाहेर येते आणि तिच्या हातात कागद असतात. असे कक्ष प्रत्येक पोलीस ठाण्यात का नसावेत? आज ठाण्यात गेली तर बहुधा एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतात आणि ‘नवराच आहे ना’ म्हणून घरी पाठवतात.

परित्यक्तांच्या चळवळीने हे सगळं आधीच सांगून ठेवलं आहे. १९८८मध्ये संगमनेरला परित्यक्ता परिषद भरली होती. सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकारी बायका स्वतंत्र रेशनकार्डासाठी आणि घराच्या जागेसाठी भांडल्या. मला त्या मागण्यांमधला व्यवहारीपणा आजच्या महिला धोरणांच्या भाषेपेक्षा जास्त भावतो. सक्षमीकरण वगैरे नाही; रेशनकार्ड आणि दोन खोल्यांपुरती जागा.

त्याच धर्तीवर आज मागायचं तर मी भाडं मागेन. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज दाखल झाला आणि त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने अहवाल दिला, की सहा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट जिल्हा प्रशासनाने थेट घरमालकाच्या खात्यात भरावं, आणि न्यायालयाचा आदेश झाल्यावर ते नवऱ्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं वसूल करावं. तलाठ्याची नोटीस आल्यावर जी तारांबळ उडते ती वकिलाच्या नोटिशीने उडत नाही. जर्मनीत वडिलांनी मुलाची पोटगी थकवली तर सरकार ती आगाऊ देतं आणि मागाहून बापाकडून वसूल करतं. आपल्याकडे पैसे नाहीत असं कुणी म्हणू नये. दीड हजार रुपये कोट्यवधी खात्यांत दरमहा टाकणारं राज्य एवढं नक्की करू शकतं. दुरुपयोग होईल? थोडा होईल. पीकविम्यातही होतो.

परदेशातल्या मराठी मुलींचा प्रकार निराळा वाटतो, पण गाभा तोच. न्यू जर्सीत नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, त्याची जोडीदार म्हणून एच-४ व्हिसाने गेलेल्या मुलीचं त्या देशात राहणंच नवऱ्यावर टांगलेलं असतं. घटस्फोट झाला की तिचा आधार संपतो. तिथली ‘मानवी’ ही संस्था १९८५पासून दक्षिण आशियाई स्त्रियांबरोबर हेच काम करते आहे. इकडे आईवडील मात्र ‘मुलगी अमेरिकेत’ म्हणून सोसायटीत पेढे वाटत असतात आणि व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा सुजलेला दिसला तर कॅमेऱ्याला दोष देतात.

‘मुलीच्या नावावर घर केलं तर जरा कुरबुर झाली की निघून येईल’, हा आक्षेप मी सर्वांत जास्त आयांच्याच तोंडून ऐकला आहे. येईल कदाचित. दोन महिने राहील, डोकं शांत झालं आणि तिकडचंही ताळ्यावर आलं तर परत जाईल, नाही तर नाही जाणार. मुलगे नाही का भांडून मित्राच्या खोलीवर जाऊन राहत? त्यांच्यासाठी कुणी बैठक बोलावत नाही. अख्खं घर देऊन टाका असं कुणी म्हणत नाही. निदान त्यात तिचं नाव लागू द्या, मृत्युपत्रात एक खोली तिच्या हयातीपर्यंत राखून ठेवा, आणि हक्कसोडपत्राची गाडी दारात आली तर तिला चहा पाजून परत पाठवा. येत्या लग्नसराईत हॉल बघायला निघालेल्या आईवडिलांनी वाटेत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत डोकावून बक्षीसपत्राला काय काय लागतं ते विचारून यावं. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आधार, पॅन, फोटो, दोन साक्षीदार. हॉलवाला जेवढा अॅडव्हान्स मागतो त्यापेक्षा खर्च पुष्कळदा कमीच येतो.